वाचक विचारतात : कोणी, कोणाशी, कुठे बोलायचं

कथामालेच्या गेल्या भागात येलणाने भर दरबारात खाजणीत साक्ष दिली आणि त्यावरून इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं सदर सगळंच्या सगळं भाषांच्या प्रश्नांना देऊन टाकलं. मला त्याचा फार आनंद झाला. या जगातल्या लढाया आणि राजघराणी मी भराभर रचली. भाषांवर मात्र मनापासून वेळ घालवला आहे.

नव्याने वाचायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. तळवा नावाच्या खाऱ्या समुद्राच्या काठी तीरथळ हे राज्य आहे. मिठागरांत राबणाऱ्यांची भाषा खाजणी. उत्तरेकडून जिंकत आलेल्यांची, आणि म्हणून दरबाराची व निवाड्यांची, उदीची. बंदरावर सगळ्यांची मिळून झालेली धक्काबोली. डोंगरात सात दऱ्या आणि त्यांच्या सात भाषा. शिवाय तिथे सासू-जावयांसाठी राखून ठेवलेली आडबोली. आणि मर्तिकाला नि शपथेला लागते ती पैलवाणी, जी आज कोणाचीच मायबोली नाही.

प्रश्न : पुस्तकात इतक्या भाषा, पण छापलेल्या पानावर सगळे मराठीच बोलतात. मग भाषा वेगळ्या आहेत हे आम्ही मानायचं तरी कसं?

संस्कृत नाटकं बघणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसता, कारण तिथे भाषा खरोखरच बदलत. राजा संस्कृतात बोले, राणी आणि दासी शौरसेनी प्राकृतात उत्तर देत, आणि तीच नायिका गाऊ लागली की तिच्या तोंडी महाराष्ट्री प्राकृत येई. विदूषक जन्माने ब्राह्मण, तरी बोलायचा प्राकृतच. यात कोणी कोणाला ‘तुझं बोलणं मला कळलं नाही’ असं म्हणत नाही. बोलणारा कोण आहे आणि त्याचा मान काय, हे त्याने तोंड उघडताच समजतं. मला या नाटकांतून हीच गोष्ट उचलावीशी वाटली.

माझ्या हाताशी एकच भाषा आहे, म्हणून मी मराठीच्या आतच अंतरं पाडते. उदीचीत बोलणाऱ्याच्या वाक्यात करणारा दिसत नाही. तो म्हणतो, ‘मिठागर जप्त करण्यात येत आहे.’ कोण जप्त करतंय, कोणाचं, काही नाही. तीच गोष्ट खाजणीत सांगणारी बाई म्हणते, ‘तुम्ही माझं आगर घेतलंत.’ वाक्य माणसापासून सुरू होतं आणि माणसाच्या अंगावर जातं. धक्काबोलीत क्रियापदाला काळ नाही, वचन नाही. जे कधी घडायचं ते शेवटी चिकटवायचं: ‘मीठ देणे, दोर घेणे, उद्या.’ ‘तो उदीचीत म्हणाला’ असं लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये, वाक्यानेच ते सांगावं, एवढी एक शिस्त मी पाळते. एका वाचकाने लिहिलं आहे की बंदरावरच्या भांडणात मध्येच कोणीतरी उदीचीत शिरलं हे त्यांना नाव न वाचताच कळलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

प्रश्न : राणी खाजणी, सैन्य खाजणी, उदीची सरदार पळून गेले. तरी निवाडे उदीचीतच होतात हे पटत नाही. जिंकल्यावर लोकांनी आधी ती परकी भाषा हाकलली असती.

सिंहासन एका दिवसात बदलतं, दफ्तर बदलत नाही. तीरथळात प्रत्येक मिठागराचा हक्क तांब्याच्या पत्र्यावर उदीचीत कोरलेला आहे. कोणत्या बांधापासून कोणत्या बांधापर्यंत, भरतीचं पाणी आधी कोणी आत घ्यायचं, उधाणात बांध फुटला तर दुरुस्ती कोणाकडे, सगळं त्या पत्र्यांवर. राणीने उद्या फर्मान काढलं की यापुढे सगळं खाजणीत, तर पहिला प्रश्न येणार या पत्र्यांचं काय करायचं. ते खाजणीत उतरवणार कोण? ज्यांना उदीची वाचता येते तेच कारकून. आणि हे कारकून उदीची वंशाचे नाहीतच. तीन पिढ्यांपूर्वी ज्या खाजणी घरांनी पोटाला चिमटा काढून पोरांना उदीची शिकवली, त्यांची ही नातवंडं आहेत. ती भाषा हेच त्यांचं वतन. ते सोडायला राणी सांगणार कशी, तिचा सख्खा मामाच दफ्तरदार असताना?

इतिहासात याला जागोजाग आधार सापडतो. इंग्लंडात १०६६ साली नॉर्मन आले आणि वरच्या वर्गाची व न्यायाची भाषा फ्रेंच झाली. १३६२ साली कायदा झाला की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा दावे इंग्रजीत चालवावेत. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये, आणि नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात असं त्यातच म्हटलेलं होतं. कोर्टाच्या दफ्तरातून लॅटिन कायमची जायला १७३३ उजाडलं. आपल्याकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती सत्ता आली तरी तिच्या कोर्टांतली फारसी लगेच गेली नाही. तिला १८३७ चा कायदा लागला. शिवाजी महाराजांनी तर रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. केवढी मोठी दृष्टी होती ती! पण पंतप्रधान हे नाव दिलेल्या पदाला लोक पेशवाच म्हणत राहिले, आणि कागद, जमीन, हुकूम आजही आपल्या तोंडात आहेत.

उलट टोकाचं उदाहरण हवं तर इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातलं घ्या. इजिप्तचा फारो कनानमधल्या स्वतःच्या मांडलिकांना मातीच्या विटांवर अक्कडी भाषेत पत्रं पाठवत होता. अक्कडी ना फारोची, ना त्या मांडलिकांची. पण त्या काळी राज्याराज्यांत लिहायचं तर तीच भाषा, असा सगळ्यांचा संकेत होता. जिंकणारा भाषा लादतो हे अर्धंच खरं आहे. पुष्कळदा लिहिणारे जी भाषा लिहितात, तीच राजा बोलू लागतो.

या दफ्तराच्या दाराशी माझा पुकाऱ्या उभा आहे. आत दिलेला उदीची निवाडा तो बाहेर जमलेल्यांना खाजणीत ओरडून सांगतो. त्याने एखादं कलम गाळलं, तर त्या कलमाची मुदत टळून आगर हातचं जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. सरदारांपेक्षा लोक त्याला जास्त वचकून असतात. दोन-तीन वाचकांनी विचारलंय की या किरकोळ माणसाला मी इतकी पानं का दिली. माझ्या मते तो किरकोळ नाहीच. एक भाषा वर आणि एक भाषा खाली असली की मधल्या उंबऱ्यावर जो उभा राहतो, त्याच्या हातात सगळ्या गावाची मान असते.

प्रश्न : खाजणी दरबारात बसलेल्या बहुतेकांना येते. मग येलणाने ती बोलताच सगळे हादरतात ते का?

येते म्हणूनच हादरतात. न कळणारी भाषा ऐकून माणूस फार तर कंटाळतो. जी आपण घरी आईशी बोलतो, ती तिथे कोणी बोलली की अंगावर काटा येतो.

उमेदीची बरीच वर्षं मी न्यायालयात दुभाषी म्हणून काम केलं. जमिनीच्या एका दाव्यात एक म्हातारी साक्षीला उभी होती. कोर्टाच्या भाषेत विचारलं की ती ‘होय’, ‘नाही’, ‘आठवत नाही’ एवढंच बोले. तिची बोली खोलीतल्या निम्म्या लोकांना कळत होती, पण ती इथे बोलायची नसते हे तिला कोणी न सांगताच ठाऊक होतं. शेवटी न्यायाधीशांनी मला तिच्या बोलीत विचारायला सांगितलं. मी विचारलं. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग पदर सारखा केला आणि सुरुवात केली. विहिरीच्या कठड्यापासून बांधावरच्या झाडापर्यंत किती पावलं, पाट कोणत्या पावसाळ्यात वळवला, त्या दिवशी कोण कुठे उभं होतं आणि कोणाच्या हातात काय होतं. दोन्ही हात हवेत, डोळे मिटलेले, जणू शेतातच उभी होती. समोरच्या वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले. येलणाचा प्रवेश मी त्या बाईकडून घेतला आहे.

तीरथळात नियम असा की उदीचीत बोललेलंच पत्र्यावर चढतं. खाजणीत काहीही बोला, बोललात असं धरत नाहीत. कारकून लेखणी खाली ठेवून बसून राहतो. त्या दिवशी राणीने त्याला लेखणी उचलायला सांगितली. त्याने उचलली, आणि पुढे काय करावं हे त्याला कळेना, कारण खाजणीला दरबारी अक्षरंच नव्हती.

प्रश्न : मग त्याने साक्ष लिहिली कशात? तो भाग तुम्ही तिथेच तोडलात!

पुढच्या भागात येईलच, पण इतक्या जणांनी विचारलंय तर थोडं सांगते. मिठागरातल्या बायका मिठाच्या ढिगांवर बोटाने खुणा काढतात हे दुसऱ्या भागात आलं आहे. तेव्हा ती मोजणी वाटली असेल. ती नुसती मोजणी नाही. त्या खुणांत बायका एकमेकींना निरोप ठेवतात, आणि पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना ढिगांचा हिशेब समजून सोडून दिलं आहे.

चीनमधल्या हुनान प्रांतात, जिआंगयोंग भागात बायकांची स्वतःची एक लिपी होती, न्यूशू. तिथल्या बोलीचे उच्चार लिहायला ती वापरत, आणि ती आईकडून, मावशीकडून, मैत्रिणींकडून शिकायची. मैत्रीण लग्न होऊन गेली की तिसऱ्या दिवशी तिच्याकडे कापडी बांधणीची एक वही पाठवत. पहिल्या काही पानांवर विरहाची गाणी, बाकीची पानं तिने लिहावीत म्हणून कोरी. बाई वारली की अशा वह्या पुष्कळदा तिच्याबरोबर जाळत किंवा पुरत, म्हणून जुन्या वह्या फार थोड्या उरल्या. त्या कोऱ्या पानांनी मला कित्येक रात्री झोपू दिलं नाही.

लिपी हीसुद्धा सामाजिक जागा असते हे आपल्याला नव्याने शिकायला नको. हिशेब, पत्रं, सनदा मोडीत आणि पोथ्या बाळबोधीत, ही वाटणी आपल्या पूर्वजांनी शतकानुशतकं पाळली. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपीत सांकेतिक करून ठेवले. भाषा मराठीच, पण पंथाबाहेरच्याला वाचता येऊ नये अशी. जग रचताना पुष्कळ लेखक एका भाषेला एक लिपी देऊन मोकळे होतात. एकाच भाषेच्या दोन लिपी, एक दरबाराची आणि एक मिठाच्या ढिगावरची, करून पाहा. गोष्ट आपोआप हलायला लागते.

प्रश्न : आडबोली मला अपमानास्पद वाटते. सासूसमोर जावयाने आपली रोजची भाषा टाकून दुसरीच बोलायची, ही कसली परंपरा? तुम्ही तिचं कौतुक करता का?

तुमचा राग मी समजू शकते, आणि तो पूर्ण उडवून लावणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा समाजांत ह्लोनिफा नावाची रीत आहे: सुनेने सासऱ्याच्या आणि सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावातली अक्षरंदेखील तोंडात येऊ द्यायची नाहीत, ती ज्या ज्या शब्दात येतील तो शब्द बदलायचा. हे ओझं मुख्यतः तिच्या एकटीच्या जिभेवर असतं. तिथे तुमचा शब्द बरोबर आहे.

पण आडबोली मी दुसरीकडून घेतली. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलंडमध्ये डिरबल लोकांची रोजची भाषा होती ग्वाल, आणि सासू, जावई अशी काही नाती जवळपास असली की बोलायची ती जालंगुय. दोन्हींचे उच्चार एकच, व्याकरण एकच. शब्द मात्र जवळजवळ सगळे वेगळे. आणि जालंगुयमधले शब्द थोडे, रोजच्या भाषेतल्या चार-पाच बारीकसारीक शब्दांना तिथे एकच मोघम शब्द. म्हणजे त्या भाषेत बारीक बोलताच येत नाही, टोचून बोलणं तर दूरच. आणि महत्त्वाचं म्हणजे संकोच दोन्हीकडून असतो. जावई जसा आवरतो, तशी सासूही आवरते. साधारण १९३० च्या सुमारास ही बोली वापरातून गेली. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट डिक्सन १९६३ पासून तिथे काम करू लागले तेव्हा ती आठवणाऱ्यांकडून त्यांनी ती टिपून घेतली.

माझ्या डोंगरात आडबोलीत ‘दे’ आणि ‘घे’ यांना एकच क्रियापद आहे. सासू जावयाला काही मागू शकत नाही आणि जावई सासूकडून काही उकळू शकत नाही, कारण वाक्य दोन्हीकडे सारखंच उघडं राहतं. चौथ्या भागातला कुऱ्हाडीचा प्रसंग आठवा. जावयाला कुऱ्हाड परत हवी आहे, सासूला वाटतंय तो ती द्यायला आला आहे. दोघं त्या एका क्रियापदावर अर्धी सकाळ घालवतात आणि कोणाचाही आवाज चढत नाही. तेच दोघं रोजच्या भाषेत असते, तर पहिल्या तीन वाक्यांत घर फुटलं असतं. मला या रीतीचं कौतुक आहे, हो. पण सातव्या भागात धाकटी मुलगी आडबोली बोलायला नकार देते, त्यावेळी मी तिच्याही बाजूने आहे. रीत प्रेमासाठी निघाली असली तरी तिच्यात कोंडली गेलेली माणसं असतात, आणि ती मला लिहायची आहेत.

प्रश्न : सात दऱ्यांत आपल्याच भाषेच्या माणसाशी लग्न करायला बंदी आहे. मग नवराबायको घरात बोलतात तरी कसे?

तो आपली बोलतो, ती आपली बोलते, दोघांना दोन्ही कळतात. हे मी कल्पनेतून काढलेलं नाही. कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर व्हाउपेस नदीच्या खोऱ्यात हीच रीत आहे. माणूस कोणत्या गटाचा हे वडिलांच्या भाषेवरून ठरतं, आणि त्या भाषेच्या सगळ्यांना भावंडं समजतात. म्हणून लग्न दुसऱ्या भाषेच्या घरातच. एका घरात सासू, सून, जाऊ तिघींच्या तीन भाषा, आणि पोरं त्या सगळ्या ऐकत वाढतात. तिथे तीन-चार भाषा येणं ही हुशारी मानत नाहीत, ती साधी गोष्ट आहे.

या दऱ्यांत कोणी हरवलं की ‘कुठला?’ असं विचारत नाहीत, ‘बापाची भाषा कोणती?’ असं विचारतात. आईची भाषा फक्त आजोळी आणि तापात बरळताना बोलायची, एवढी भर माझी.

प्रश्न : पैलवाणी कोणीच बोलत नाही, तर ती इतकी शतकं टिकेल का?

टिकेल. सुमेरी भाषा इसवी सनपूर्व २००० च्या आगेमागे बोलण्यातून गेली असं मानतात, पण मेसोपोटेमियाच्या देवळांत आणि पाठशाळांत ती पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं गायली, लिहिली, शिकवली गेली. तिच्यात एमेसल म्हणून एक निराळा प्रकार होता. काव्यात देवींच्या तोंडी तो येतो, आणि विलापगीतं गाणारे पुजारी त्यात गात. रडण्यासाठी वेगळी भाषा राखून ठेवावी, ही कल्पना चार हजार वर्षं जुनी आहे हे वाचलं तेव्हा मी पैलवाणीचं पहिलं पान लिहिलं.

पैलवाणीची खरी अडचण टिकण्याची नाही, ती नव्या गोष्टींची आहे. मेलेल्याचा धंदा पैलवाणीत उच्चारल्याखेरीज होडी पैलतीराला लागत नाही अशी श्रद्धा. कोळी, लोहार, मिठागरी, कारकून, सगळ्यांना शब्द आहेत. पण सहाव्या भागात मरतो तो चष्म्याची भिंगं घासणारा. त्याच्यासाठी शब्दच नाही, आणि नवा शब्द घडवायचा अधिकार फक्त पैलकऱ्यांच्या सभेला, जी वर्षातून एकदाच भरते. विधवा तोवर प्रेत मिठात ठेवते. काही वाचकांना तो भाग फार अंगावर आला. पण त्या बाईला ‘लोहार म्हणा, चालतंय’ असं सगळे सांगत असताना ती ऐकत नाही, कारण तिला नवरा त्याच्याच नावाने पोचवायचा आहे; मला या मालेतलं सर्वांत प्रिय माणूस तीच वाटते.

प्रश्न : मीही एक जग रचतो आहे. व्याकरणाची वही भरली, दोन हजार शब्द झाले, अजून गोष्ट सुरू होत नाही. आणखी किती भाषा तयार करू?

आता थांबा. वही फेकू नका, पण मिटून ठेवा. उत्तर युरोपात रशियन आणि नॉर्वेजियन व्यापाऱ्यांमध्ये रुसेनोर्स्क नावाची एक बोली होती. मासे आणि धान्य यांची देवघेव तिच्यावर चाले. तिचे नोंदलेले शब्द साधारण चारशे. तेवढ्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करत होती, भांडत होती आणि एकत्र पीत होती. तुमच्याकडे पाचपट साठा आहे.

शब्दांऐवजी माणसं धरा. तुमच्या जगात शिवी कोणत्या भाषेत देतात आणि माफी कोणत्या भाषेत मागतात? मुलाला झोपवताना कोणती? बाजारात दलाल दोघांत बोलतात ते गिऱ्हाइकाला कळतं का? आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, आकडे तिसऱ्याला कळू नयेत म्हणून. ते जमलं नाही तर रुमालाखाली बोटं धरून भाव ठरे. कोणती भाषा बोलल्यावर नोकरी मिळते, आणि कोणती बोलल्यावर वर्गातली पोरं हसतात? कोण आपली भाषा येत नाही असं खोटं सांगतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्यापाशी आहे, ते पात्र घ्या आणि त्याला नको त्या ठिकाणी नको त्या भाषेत एक वाक्य बोलायला लावा. गोष्ट तिथून सुरू होईल. ते वाक्य लिहिताना वहीतलं व्याकरण लागलं तर उघडा.

प्रश्न : डोंगरातली शीळ घालून बोलायची भाषा खरी असू शकते का?

आहे. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा बेटावर सिल्बो नावाची शीळभाषा आहे. स्पॅनिश बोलणंच शिळेत उतरवून दऱ्यांपलीकडे कित्येक किलोमीटर पोचवतात. शाळेत शिकवतात, आणि २००९ साली युनेस्कोने तिची दखल घेतली. माझ्या कथेत ती फक्त गुराखी वापरतात, कारण मला तिच्यात गुपितं नको होती. दरीत सगळेच ऐकतात.

प्रश्न : राणीची मुलगी बंदरावरच्या दाईकडे वाढते आहे. मोठी होऊन ती कोणती भाषा बोलेल?

धक्काबोली. खाजणी नाही आणि उदीचीही नाही. मला हे बरेच दिवस सांगायचं होतं.

आतापर्यंत धक्काबोली कोणाचीच नव्हती. दिवसभर माल चढवायचा-उतरवायचा, संध्याकाळी जो तो आपल्या घरी आपल्या भाषेत. पण दाई एका भाषेची, तिचा नवरा दुसऱ्या, शेजार तिसऱ्या. घरात उरते ती हीच बोली, आणि या मुलीच्या कानावर जन्मापासून तीच पडते. असं झालं की मोडकीतोडकी कामचलाऊ बोली मुलांच्या तोंडात पूर्ण भाषा होते. पापुआ न्यू गिनीतली टोक पिसिन मळ्यांवरच्या मजुरांच्या अशाच बोलीतून आली. आज ती देशाची एक अधिकृत भाषा आहे, संसदेत बोलली जाते, आणि कित्येक मुलांची मायबोली आहे. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाल्या. तिथे घरून आपापल्या खुणा घेऊन आलेल्या मुलांनी एकमेकांत मिसळून नवी खूणभाषा घडवली, आणि धाकट्या मुलांनी तिला थोरल्यांपेक्षा बांधीव व्याकरण दिलं. मोठ्यांनी शिकवलेली नव्हती ती, मुलांनीच केली.

म्हणून पुढच्या भागांत ही मुलगी धक्काबोलीत ‘काल’ न चिकटवता भूतकाळ बोलताना दिसेल. हमाल तिची नक्कल करतील, दफ्तरदार मामा नाक मुरडेल, आणि राणीला आपल्या मुलीचं बोलणं पुकाऱ्याकडून समजून घ्यावं लागेल. धक्काबोलीच्या क्रियापदाला काळ नसतो असं मी वर लिहिलं आहे, तेव्हा ही छपाईची चूक म्हणून कृपया कळवू नका. तिच्या पिढीपासून तो असतो.